उभी

तर्री तिचं नाव. रंगावरून ठेवलेलं.
पोह्यांवर ओततात तसा तांबडा, वर तेलाचा तवंग.
नितनवरे साहेबांनी मारवाडातून आणली तेव्हा दीड वर्षाची होती
आणि कोणीही शीळ घातली तरी
चालत जायची त्याच्याकडे.

"उईके, हिला उभं राहायला शिकव," साहेब म्हणाले.
मला हसू आलं.
घोडं जन्मल्यावर तासाभरात शिकतं ते.

पण हे उभं राहणं वेगळं.
म्होरकीची साखळी हनुवटीखाली, दोर ढिला,
पुढचे दोन पाय एका रेषेत, मागचे तसेच,
मान कमानीसारखी, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली,
आणि डोळ्यांत तेज.
तेज नसलं की पाच गुण गेले.

पाय मी दोन महिन्यांत बसवले.
फुटाळ्यामागच्या मोकळ्या जागेत, पहाटे,
तळ्यावरचं धुकं उठायच्या आधी.
एक खूर चुकला की मागे सर, पुन्हा ये.
मानेला रात्रभर लोकरीचा पट्टा,
घाम निघून बारीक व्हावी म्हणून.
डिसेंबरची थंडी, आणि ती ओली.

तेज मात्र येईना.
उभी राहायची आणि जांभई द्यायची.
मग काटोलचा एक म्हातारा मोतद्दार म्हणाला,
"काठीच्या टोकाले पॉलिथिनची पिशवी बांध न बावा.
मारू नको. वाजव फक्त. अचानक.
माराचा वळ दिसते, पिशवीचा नाही दिसत."

आठ दिवस.
जास्त सांगत नाही.

जानेवारीत कृषी कॉलेजच्या मैदानावर मांडव पडला.
आदल्या रात्री तिच्या ओठांवरच्या मिशा कापल्या,
तोंड सुबक दिसतं.
डोळ्यांभोवती खोबरेल चोळलं.
सारंगखेड्याकडचे परीक्षक, पांढरी टोपी,
दात पाहिले, भोवऱ्या मोजल्या,
वाकून चार पायांमधून पलीकडचं मैदान पाहिलं,
सरळ चालवत ने म्हणाले, दुडकीनं परत आण.
शेजारी मौद्याच्या ढेंगऱ्यांचा काळा,
उंचीला दोन बोटं जास्त.
माझ्या खिशात पिशवीचा तुकडा होता, तळहाताएवढा.
मी नुसती मूठ आवळली.

तर्री अशी उभी राहिली
की लाऊडस्पीकरवाला बोलता बोलता थांबला.
कातडीखाली एक शीर उडत होती,
ती फक्त मला दिसली.
"पाणीदार म्हणतात ती ही," परीक्षक माइकवर म्हणाले.
त्यांच्या कागदावर रकाने होते:
डोकं, मान, पाय, चाल, तेज.
भीतीचा रकाना नव्हता.
असता, तरी आकडा तोच आला असता.

साहेबांनी पेढे वाटले.
मला पाच हजार आणि पाठीवर थाप.

रात्री लाईट गेली होती.
रेवती, माझी पोरगी, सातवीतली,
गोकुळपेठेतून गाजरं घेऊन आली तर्रीसाठी,
तिलाही बक्षीस नको का.
पागेच्या दारात तिनं पिशवीची गाठ सोडली.

आत अंधारात खूर वाजले.
एक. दोन. तीन.
जरा थांबून, चार.

मी टॉर्च लावला.
पुढचे दोन एका रेषेत, मागचे तसेच,
मान कमानीसारखी.

"बाबा, किती मस्त उभी हाय पाहा न,"
रेवती म्हणाली आणि गाजर तिच्या तोंडाशी नेलं.
तर्री हलली नाही.
नाकापुढचं घोड्याला दिसत नाही,
ते मिशांनी कळतं.

रेवतीच्या हातातून मी पिशवी घेतली.
कुठे ठेवावी समजेना.
खिशात घातली तर वाजणार,
टाकली तर वाजणार.
मुठीत धरून तसाच राहिलो, ताठ, श्वास आवरून,
बराच वेळ,
ती मागचा एक पाय सैल सोडेल
याची वाट पाहत.